डेबियन संग्रहातील जेक्वेरीचे अद्ययावतीकरण

जेक्वेरी ही संकेतस्थळांच्या आज्ञालेखनात वापरली जाणारी जावास्क्रिप्ट भाषेतील एक लायब्ररी आहे, तर डेबियन हा मुक्त सॉफ्टवेअरचा स्वयंसेवकांनी सांभाळलेला एक मोठा संग्रह व त्यावर उभी असलेली संगणक-प्रणाली आहे. जेक्वेरीची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर ती डेबियनमध्ये आणणे, तिच्यावर विसंबून असलेल्या इतर पॅकेजांशी तिचा मेळ घालणे आणि जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांनाही सुरक्षित ठेवणे, या सर्व कामांना मिळून येथे अद्ययावतीकरण म्हटले आहे. एका फाइलच्या जागी दुसरी फाइल ठेवणे एवढेच हे काम वरवर दिसते. प्रत्यक्षात डेबियनच्या स्थिर शाखेत जेक्वेरी १.७.२ या आवृत्तीवर सलग दोन प्रकाशनांपर्यंत थांबून राहिली होती, यावरून त्यातील अडचणींची कल्पना येते.

‘लायब्ररी’ या शब्दाचे ‘ग्रंथालय’ असे भाषांतर काही ठिकाणी आढळते, परंतु ते येथे उपयोगी नाही. ग्रंथालयातील पुस्तक वाचून परत केले जाते. संगणकातील लायब्ररी म्हणजे इतर आज्ञावल्यांनी कायम हाताशी ठेवायचा तयार आज्ञांचा संच. तो संच बदलला की त्याच्या आधारावर लिहिलेले सर्वकाही बदलते किंवा बिघडते.

पार्श्वभूमी

जेक्वेरीची निर्मिती जॉन रेसिग यांनी केली. जानेवारी २००६ मध्ये न्यू यॉर्क येथील बारकॅम्प या मेळाव्यात त्यांनी ती प्रथम मांडली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिची १.० ही आवृत्ती आली. त्या काळी निरनिराळ्या ब्राउझरांमध्ये एकच जावास्क्रिप्ट आज्ञा वेगवेगळ्या रीतीने चालत असे. एका ब्राउझरात नीट उघडणारे पान दुसऱ्यात मोडून पडत असे, आणि लेखकाला प्रत्येक ब्राउझरसाठी वेगळी वाट काढावी लागे. जेक्वेरीने हे सारे भेद आपल्या पोटात घेतले. पानावरील घटक निवडणे, त्याचा मजकूर बदलणे, टिचकीला प्रतिसाद देणे, पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून माहिती मागवणे ही कामे थोड्या ओळींत होऊ लागली. जगातील सर्वाधिक वापरल्या गेलेल्या जावास्क्रिप्ट लायब्रऱ्यांत तिची गणना होते.

डेबियनची घोषणा इयान मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी केली. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या ‘बुकवर्म’ या प्रकाशनात ६४,४१९ पॅकेजे होती. प्रकाशनांची नावे ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील पात्रांवरून ठेवली जातात. पॅकेज प्रथम अस्थिर शाखेत येते, तेथून चाचणी शाखेत जाते, आणि साधारण दोन वर्षांनी चाचणी शाखा गोठवून तिचेच स्थिर प्रकाशन केले जाते. अस्थिर शाखेचे नाव ‘सिड’ असे आहे. चित्रपटात खेळणी मोडणारा मुलगा तो हाच, आणि नाव अगदी समर्पक आहे.

एक प्रत की अनेक

जेक्वेरी वापरणाऱ्या सॉफ्टवेअरचे लेखक बहुधा तिची एक प्रत आपल्या सॉफ्टवेअरबरोबरच देतात. लेखकाच्या दृष्टीने ही सोय आहे, कारण ज्या आवृत्तीवर त्याने आपले काम तपासले तीच वापरणाऱ्याकडे पोहोचते. संग्रहाच्या दृष्टीने मात्र हीच गोष्ट डोकेदुखीची ठरते. शंभर पॅकेजांत जेक्वेरीच्या शंभर प्रती असतील आणि तिच्यात सुरक्षेचा एक दोष सापडला, तर शंभर ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. त्याही आधी त्या शंभर जागा शोधाव्या लागतात, कारण काही प्रतींची नावे बदललेली असतात आणि काही इतर फाइलींत मिसळून टाकलेल्या असतात. हा धडा जेक्वेरीच्या आधीच मिळालेला होता. २००२ साली झेडलिब या संक्षेपन-लायब्ररीत दोष सापडला तेव्हा तिच्या किती प्रती किती आज्ञावल्यांच्या आत दडलेल्या आहेत, हा प्रश्न सर्वच वितरणांपुढे उभा राहिला होता.

म्हणून डेबियनच्या धोरणानुसार अशा अंतर्भूत प्रती टाळायच्या असतात. जेक्वेरीचे ‘लिबजेएस-जेक्वेरी’ नावाचे एकच पॅकेज असते. त्यातील फाइल संगणकावर एका ठरलेल्या जागी बसते, आणि इतर पॅकेजांनी आपली प्रत काढून त्या जागेकडे दुवा करायचा असतो. पॅकेज तपासणारी ‘लिंटियन’ ही आज्ञावली कोणी स्वतःची प्रत आत ठेवली असल्यास तक्रार नोंदवते.

जेक्वेरीवर विसंबणारी पॅकेजे केवळ संकेतस्थळांची नसतात, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. स्फिंक्स आणि डॉक्सिजन ही सॉफ्टवेअरचे दस्तऐवज तयार करणारी साधने आहेत. त्यांनी बनवलेल्या पानांतील शोधचौकट किंवा उघडमीट होणारी अनुक्रमणिका जेक्वेरीच्या आधारे चाले. त्यामुळे गणिताच्या किंवा खगोलशास्त्राच्या लायब्ररीचे दस्तऐवज-पॅकेजही जेक्वेरीच्या अवलंबितांच्या यादीत येऊन बसते. त्याच्या परिपालकाने आयुष्यात जावास्क्रिप्टची ओळ लिहिलेली नसली तरी त्याची जेक्वेरीच्या बदलातून सुटका नाही.

पॅकेजची घडण आणि आवृत्तीक्रमांक

मूळ लेखकांकडून नवी आवृत्ती आली की नाही, हे ‘यूस्कॅन’ नावाचे साधन पाहते. कोठे पाहायचे ते पॅकेजमधील ‘वॉच’ या छोट्या फाइलीत लिहिलेले असते. नवा स्रोत उतरवून घेतल्यावर परिपालक आपल्या जुन्या दुरुस्त्या त्यावर बसतात का ते पाहतो, परवाना बदललेला नाही याची खात्री करतो, बदलनोंद लिहितो आणि पॅकेज पुन्हा बांधतो. बांधणीच्या वेळी इंटरनेटवरून काहीही मागवता येत नाही. लागणारे प्रत्येक साधन आधीच डेबियनमध्ये असावे लागते.

जेक्वेरीच्या बाबतीत ही अट विशेष जाचक ठरली. संकेतस्थळांवर तिची ‘आकुंचित’ फाइल वापरली जाते. तीत मोकळ्या जागा, टीपा व लांब नावे काढून सर्व मजकूर दाबून बसवलेला असतो. माणसाला ती वाचता येत नाही व सुधारताही येत नाही, म्हणून डेबियन तिला मूळ स्रोत मानत नाही. वाचनीय स्रोतापासून ती संग्रहातील साधनांनीच तयार झाली पाहिजे. मूळ प्रकल्प बांधणीसाठी ‘ग्रंट’ हे साधन वापरत असे आणि आज्ञा तपासण्यासाठी ‘जेएसहिंट’. या जेएसहिंटच्या परवान्यात ‘जेएसलिंट’ या पूर्वजाकडून आलेले एक वाक्य होते, ज्याचा आशय सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावे, वाईटासाठी वापरू नये असा होता. उपदेश म्हणून त्यात वावगे काही नाही. परंतु मुक्त सॉफ्टवेअरच्या डेबियनप्रणीत मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोणत्या कामासाठी वापर करावा यावर परवान्याने बंधन घालता कामा नये, आणि चांगले कोणते व वाईट कोणते हे ठरवणार कोण, हा प्रश्नही उरतोच. त्यामुळे त्या परवान्याखालील जेएसहिंटला मुख्य संग्रहाची दारे बंद राहिली. २०२० साली जेएसहिंटने हे वाक्य पूर्णपणे काढून टाकले.

आवृत्तीक्रमांकातही बरीच माहिती दडलेली असते. ‘जेसी’ या प्रकाशनातील जेक्वेरीचा क्रमांक ‘१.७.२+डीएफएसजी-३.२’ असा होता. यातील १.७.२ हा मूळ लेखकांचा क्रमांक आहे. ‘डीएफएसजी’ ही खूण सांगते की मूळ गठ्ठ्यातून मुक्ततेच्या कसोटीत न बसणाऱ्या फाइली काढून तो पुन्हा बांधला आहे. संयोगचिन्हानंतरचा आकडा डेबियनमधील फेरबदलाचा. तो ३ किंवा ४ असा पूर्णांक नसून ३.२ आहे, याचा रूढ अर्थ असा की शेवटच्या दोन फेऱ्या पॅकेजच्या नेहमीच्या परिपालकांनी नव्हे, तर इतर कोणी गरज म्हणून पूर्ण केल्या. पुढे ‘बस्टर’मध्ये ‘३.३.१~डीएफएसजी-३’ असा क्रमांक दिसतो. तेथील नागमोडी चिन्ह क्रमवारीत सर्वांत आधी येते, म्हणजे ‘३.३.१~डीएफएसजी’ हा नुसत्या ‘३.३.१’ पेक्षा लहान धरला जातो. काही काढून न टाकलेला मूळ गठ्ठा नंतर वापरता आला, तर तो आपोआप वरचढ ठरावा अशी ही तरतूद आहे.

‘बुलसाय’ या प्रकाशनात आणखी एक शेपूट जोडले गेले. ‘३.५.१+डीएफएसजी+~३.५.५-७’ यातील ३.५.५ हा जेक्वेरीचा क्रमांक नाही. टाइपस्क्रिप्ट भाषेसाठी जेक्वेरीच्या आज्ञांचे प्रकार सांगणारी जी पूरक फाइल असते, तिचा तो क्रमांक होय. लहानसहान जावास्क्रिप्ट पॅकेजांची संख्या वाढू नये म्हणून अशा दोन गोष्टी एका गठ्ठ्यात बांधल्या जातात. क्रमांक मात्र वाचणाऱ्याची परीक्षा पाहतो.

१.७.२ वर थांबलेली वर्षे

जेक्वेरी १.७.२ ही मार्च २०१२ मध्ये आली. मे २०१३ मधील ‘व्हीझी’ आणि एप्रिल २०१५ मधील ‘जेसी’ या दोन्ही स्थिर प्रकाशनांत तीच होती. त्यामुळे स्थिर शाखा वापरणाऱ्यांना संग्रहातून नवी जेक्वेरी मिळाली ती थेट जून २०१७ मध्ये, ‘स्ट्रेच’बरोबर, आणि ती होती ३.१.१. दरम्यान अस्थिर शाखेत १.११ पर्यंतची पायरी चढली गेली होती. अस्थिर शाखेतून पॅकेजे घेणाऱ्या उबुंटूच्या १६.०४ या प्रकाशनात १.११.३ आढळते, ते त्यामुळेच.

हा खोळंबा समजून घ्यायचा तर जानेवारी २०१३ मधील १.९ या आवृत्तीकडे पाहावे लागते. त्या आवृत्तीने अनेक जुन्या आज्ञा काढून टाकल्या. ब्राउझर कोणता हे ओळखणारा गुणधर्म गेला. पानावर नंतर येणाऱ्या घटकांनाही प्रतिसाद जोडणारी ‘लाइव्ह’ ही आज्ञा गेली आणि तिच्या जागी १.७ मध्ये आलेली ‘ऑन’ वापरणे भाग पडले. पाठोपाठ एप्रिल २०१३ मध्ये आलेल्या २.० ने इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या ते आठव्या आवृत्त्यांचा आधार सोडला, आणि काही काळ १ व २ या दोन मालिका समांतर चालल्या. जून २०१६ मधील ३.० ने आणखी काही जुन्या आज्ञा काढल्या आणि उशिराने पूर्ण होणाऱ्या कामांची हाताळणी नव्या मानकाशी जुळवून घेतली.

सी भाषेतील लायब्रऱ्यांच्या बाबतीत अशा प्रसंगी एक जुनी, सुस्थिर व्यवस्था आहे. सुसंगती मोडली की लायब्ररीच्या नावातील क्रमांक बदलतो, जुनी व नवी अशी दोन्ही पॅकेजे काही काळ शेजारी नांदतात, आणि कोणाची पुनर्बांधणी बाकी आहे हे यंत्रच सांगते. जेक्वेरीला ही सोय नाही. तिचे पॅकेज एकच, नाव एकच, आणि फाइलीची जागाही एकच. अवलंबित पॅकेजे ‘१.४ किंवा त्याहून नवी चालेल’ अशी खालची मर्यादा लिहून ठेवतात. वरची मर्यादा कोणी लिहीत नाही, कारण पुढे काय मोडणार हे लिहिणाऱ्याला त्या वेळी माहीत नसते. त्यामुळे १.७ च्या जागी ३.१ आली तरी पॅकेज-व्यवस्थापकाच्या लेखी सर्व अटी पूर्ण झालेल्या असतात.

त्याहून घातक गोष्ट म्हणजे बिघाड दिसत नाही. सी भाषेतील आज्ञावली बांधताना हरवलेली आज्ञा लगेच लक्षात येते आणि बांधणी थांबते. जावास्क्रिप्टची फाइल केवळ जशीच्या तशी उचलून ठेवली जाते. ‘लाइव्ह’ ही आज्ञा नाहीशी झाल्याचे कळते ते कोणीतरी ब्राउझरात पान उघडून बटण दाबल्यावर, आणि बटण दाबूनही काहीच घडत नाही तेव्हा. शेकडो पॅकेजांतील प्रत्येक बटण दाबून पाहण्याइतके स्वयंसेवक कोणत्याही संग्रहाकडे नसतात.

या परिस्थितीत काही उपाय हाताशी होते. मूळ प्रकल्पाने १.९ बरोबरच ‘जेक्वेरी मायग्रेट’ ही पूरक फाइल दिली. ती काढलेल्या आज्ञा परत पुरवते आणि त्यांचा वापर झाला की इशाराही देते. २०१२ पासून उपलब्ध असलेल्या ‘डेबियन कोड सर्च’ या सेवेने संग्रहातील सर्व स्रोतांत एखादी आज्ञा कोठे कोठे आली आहे हे शोधता येते. अशा मोठ्या बदलांची रूढ रीत म्हणजे नवी आवृत्ती आधी ‘प्रायोगिक’ दालनात ठेवणे, अवलंबित पॅकेजांच्या परिपालकांना दोषनोंदींद्वारे कळवणे, थोडी मुदत देणे आणि मग अस्थिर शाखेत आणणे. मुदत संपल्यावर त्याच दोषनोंदींची तीव्रता वाढवली जाते. दुरुस्ती न झालेले पॅकेज मग चाचणी शाखेतून गळते आणि पुढील प्रकाशनाला मुकते. ज्याच्या मूळ लेखकाने काम सोडून दिले आहे अशा लहान पॅकेजाचा शेवट पुष्कळदा असा होतो. त्याच्यात स्वतःचा दोष कोणताच नसतो. पायाखालची जमीन सरकलेली असते, एवढेच.

थांबण्याचीही किंमत होती. संग्रहातील जेक्वेरी जुनी राहिली की नवे सॉफ्टवेअर तिच्यावर चालत नाही, आणि परिपालकाला पुन्हा स्वतःची प्रत आत ठेवण्याचा मोह होतो. म्हणजे एकच प्रत असावी हे ज्या धोरणाने ठरवले, त्याची अंमलबजावणी फार सावध झाली तर तेच धोरण अनेक प्रतींना जन्म देते. टप्प्याटप्प्याने १.९ कडे जाणे त्या वेळी कष्टाचे होते, तरी पुढची उडी लहान झाली असती.

३.५.० मधील सुरक्षा-बदल

१० एप्रिल २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या ३.५.० या आवृत्तीने प्रश्नाची दुसरी बाजू समोर आणली. तोपर्यंत जेक्वेरी पानावर घालण्यासाठी दिलेला एचटीएमएल मजकूर आधी स्वतः थोडा सुधारून घेत असे. स्वतःलाच बंद करणारी खूण दिसली की ती उघडणाऱ्या व बंद करणाऱ्या अशा दोन खुणांत तोडली जाई. हेतू मदतीचा होता. पण वापरकर्त्याने लिहिलेला मजकूर आधी एखाद्या गाळणीतून शुद्ध करून घेतला आणि मग जेक्वेरीने त्याला हात लावला, तर शुद्ध ठरलेल्या मजकुराचा अर्थच बदलू शकतो, आणि त्यात लपवलेली घातक आज्ञा वाचकाच्या ब्राउझरात चालू शकते, असे आढळले. ३.५.० ने ही सुधारणा करणेच थांबवले.

परिणाम असा झाला की पूर्वी स्वतःलाच बंद केलेल्या दोन पेट्या शेजारी लिहिल्या तर पानावर त्या शेजारी उमटत. आता ब्राउझर पहिली पेटी बंद झाली असे मानत नाही आणि दुसरी पेटी पहिलीच्या पोटात जाते. पानाची मांडणी विस्कटते. सुरक्षेची दुरुस्ती आणि सुसंगतीचा भंग या दोन गोष्टी येथे एकच होत्या, त्यांतील एक घेऊन दुसरी नाकारता येत नव्हती.

स्थिर शाखेतील पॅकेजाची आवृत्ती बदलायची नाही, हा डेबियनचा दंडक आहे. दोष सापडला तर नवी आवृत्ती न आणता केवळ त्या दोषाची दुरुस्ती जुन्या स्रोतावर बसवली जाते, आणि क्रमांकाच्या शेवटी ‘+डेब९यू१’ अशा प्रकारची खूण जोडतात. ९ म्हणजे स्ट्रेच, १ म्हणजे त्या प्रकाशनातील पहिली दुरुस्ती. याच पद्धतीने आधीच्या एका दोषावरही काम करावे लागले होते. एप्रिल २०१९ मधील ३.४.० ने ‘एक्स्टेंड’ या आज्ञेतून जावास्क्रिप्टच्या मूळ वस्तूलाच दूषित करता येत असे, तो मार्ग बंद केला. ती दुरुस्ती काही ओळींची असल्याने जुन्या आवृत्तीवर सहज बसणारी होती. ३.५.० मधील बदलही ओळींनी मोजला तर छोटाच आहे, परंतु त्याने वागणूक बदलते, आणि स्थिर शाखेचे सारे मोल वागणूक न बदलण्यात आहे. अशा वेळी सुरक्षेच्या बाजूने कौल देणेच योग्य, कारण मोडलेली मांडणी डोळ्यांना दिसते आणि दुरुस्त होते. चोरीला गेलेले सत्र दिसतही नाही.

या धोक्याचे गांभीर्य पुस्तकी नव्हते. ३.५.० ने दुरुस्त केलेल्या दोषांपैकी एक, निवडयादीतील घटकांशी संबंधित असलेला, अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या दोषांच्या आपल्या यादीत घातला. दुरुस्ती उपलब्ध होऊन तोवर जवळजवळ पाच वर्षे लोटली होती.

चाचणी शाखेचा उंबरठा

अस्थिर शाखेतील पॅकेज चाचणी शाखेत आपोआप जाते, मात्र काही अटींवर. ‘ब्रिटनी’ नावाची आज्ञावली या अटी पाहते. निकडीनुसार १०, ५ किंवा २ दिवस गेले पाहिजेत, नवे गंभीर दोष नोंदलेले नसावेत, आणि कोणतेही अवलंबित पॅकेज बसवण्यास अयोग्य होता कामा नये. अलीकडील वर्षांत स्वयंचलित चाचण्यांची भर पडली आहे. जेक्वेरीची नवी आवृत्ती आली की तिच्यावर विसंबलेल्या पॅकेजांच्या चाचण्या चालवल्या जातात, आणि पूर्वी उत्तीर्ण होणारी चाचणी आता नापास झाली तर जेक्वेरीच अडकून पडते. व्यवस्था चांगली आहे, पण ती चाचण्यांइतकीच चांगली. बहुतेक चाचण्या आज्ञा-ओळीवर चालतात, ब्राउझर उघडून पानावर टिचकी मारणाऱ्या चाचण्या थोड्याच पॅकेजांत असतात.

नंतरचा काळ

‘बुलसाय’मध्ये ३.५.१ आणि ‘बुकवर्म’मध्ये ३.६.१ या आवृत्त्या आहेत. ३ ही मालिका आपल्या आत फारसे मोडत नसल्याने हे टप्पे १.७ ते ३.१ या उडीच्या मानाने सौम्य ठरले. दरम्यान ब्राउझरांनी घटक निवडण्याच्या व माहिती मागवण्याच्या समान आज्ञा स्वतःच पुरवण्यास आरंभ केला आणि जेक्वेरीची गरज कमी होत गेली. स्फिंक्सने डिसेंबर २०२२ मधील ६.० या आवृत्तीत जेक्वेरी आपल्याबरोबर देणे बंद केले. ज्या पानसजावटींना ती अजून लागते त्यांच्यासाठी वेगळी जोडणी ठेवली. या एका निर्णयाने असंख्य दस्तऐवज-पॅकेजांना जेक्वेरीच्या अवलंबितांच्या यादीतून बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यासाठी प्रत्येक पॅकेज नव्या स्फिंक्सने पुन्हा बांधावे लागते, आणि ते काम त्या त्या परिपालकाच्या सवडीने होते.